वाचनालयाचा मेळावा, तालमीच्या माडीवर

१२ ऑगस्ट जवळ आला की आमच्या वाचनालयाचा वाचक मेळावा आठवतोच. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती म्हणजे ग्रंथपाल दिन, त्यामुळं तारीख ठरलेली. सकाळी हलगी लावून ग्रंथदिंडी, मग पोरांचं कथाकथन, वर्षात सगळ्यात जास्त पुस्तकं नेलेल्याला बक्षीस आणि शेवटी कागदाच्या पुडीत भडंग. रंगनाथनांची पाच सूत्रं काकू (आमच्या ग्रंथपाल, सगळ्या पेठेच्या काकू) फळ्यावर लिहायच्या, त्यातलं ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे मी चौथीत असल्यापासून माझ्याकडं.

पण सगळ्यात जवळचा मेळावा कुठला विचाराल तर २०१९ चा, आणि तो वाचनालयात झालाच नाही.

त्या ऑगस्टात पंचगंगेला किती पाणी आलं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झालं की धोका, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं वाचनालय शुक्रवार पेठेत, भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, त्या खुणेच्या खालचं सगळं आम्ही रात्रीत माडीवर नेलं आणि वरचं तसंच ठेवलं, पाणी तिथवर येतंय कशाला म्हणून. आलं. बारा तारखेला मेळावा राहू दे, आत पाऊल टाकता येत नव्हतं.

पाणी ओसरल्यावर कपाटं उघडली तर पुस्तकं फुगून एकमेकांत अशी अडकलेली की ओढून निघेनात, शेवटी कपाटाची बाजूची फळी काढली. चकचकीत कागदाची चित्रांची पुस्तकं तर वीट झालेली, पान सुटायचं नाव नाही. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीच्या पानापानात पेपर घालून काकूंनी ती पंख्याखाली सुकवली, उन्हात ठेवू दिली नाही, कागद वाकडा होतो म्हणायच्या. जुन्या नोंदी शाईपेनाच्या, त्या निळ्या होऊन पसरलेल्या, आणि बॉलपेनच्या मात्र जशाच्या तशा. त्या निळ्या पानांवरून हात फिरवत काकू किती वेळ बसल्या होत्या ते मी बघितलंय.

इमारत ओली, वायरिंग गेलेलं, कमिटी म्हणाली यंदा मेळावा राहू दे. काकू एवढंच म्हणाल्या, “पोरं रोज दारात येऊन विचारायलीत ओ, त्यांस्नी काय सांगू?” मग १५ ऑक्टोबर धरला, कलामसाहेबांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. जागा कुठली? २१ तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळं शाळेत गडबड, मंगल कार्यालयाचं भाडं परवडणारं नाही. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वस्तादांना विचारलं तर म्हणाले, “माडी मोकळीच हाय की, विचारताय काय?”

दिंडी बंद वाचनालयाच्या दारातनं निघाली आणि गंगावेशीवरून तालमीत गेली. पुरातनं वाचलेली पुस्तकं बिस्किटांच्या खोक्यातनं नेली, खोक्यावर खडूनं ‘गोष्टी’, ‘चरित्र’, ‘विज्ञान’. रॅक नव्हते तर सतरंजीवर पुस्तकं तोंड वर करून मांडली, आणि खरं सांगतो, कपाटात नुसती पाठ दिसणाऱ्या पुस्तकापेक्षा पोरं त्या सतरंजीवर जास्त रमली. अनामत नाही, वर्गणी नाही, साधी दोनशेपानी वही, त्यात नाव, गल्ली आणि पुस्तकाचा नंबर, परत द्यायचं तालमीशेजारच्या डेअरीत, दूध न्यायला येताना.

खाली कुस्तीच्या हौद्यात मेहनत चाललेली, हळद-तेलाच्या तांबड्या मातीचा वास जिन्यातनं वर यायचा. कथाकथन रंगात आलं तशी खालची पोरं एकेक करत जिन्यात येऊन बसली. त्यातला एक, असेल चौदा-पंधरा वर्षांचा, अंगाची माती नीट पुसलेली नाही, हळूच काकूंना म्हणाला, “खाशाबांवरचं काय हाय काय?” तालमीत फोटो होता खाशाबा जाधवांचा, हेलसिंकी ऑलिम्पिक १९५२, कुस्तीत ब्राँझ, एवढं त्याला पाठ, पण त्यांच्यावर वाचायला पुस्तक असतंय हे माहीत नव्हतं. ‘चरित्र’च्या खोक्यात होतं. तो तिथंच पायरीवर बसला आणि भडंग वाटून झालं तरी उठला नाही.

त्यातली बहुतेक पोरं आमच्या वाचनालयाची पायरी कधीच चढली नव्हती. आपण वर्षानुवर्षं दार उघडं ठेवून बसलो होतो आणि ही पोरं इतक्या जवळ होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२० कोरोनात गेलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, पण त्या वेळी खोकी आधीच तालमीच्या माडीवर पोचली होती, वस्तादांची पोरंच आली होती उचलायला. आता इमारत दुरुस्त झालीय, कपाटं लोखंडी आहेत, मेळावा मात्र तालमीतच होतो आणि डेअरीतलं खोकंही चालूय.

खाशाबांचं ते पुस्तक परत आलं तेव्हा मधल्या एका पानावर तांबड्या मातीचा अंगठा उमटलेला होता. मी खोडरबर घेतला तर काकूंनी हात धरला, “ऱ्हाऊ दे ते.”