एअरलाइन सोडून प्रायव्हेट जेटवर जायचंय?

आज दिवसभर एका धाकट्या पायलट सहकाऱ्याशी याच विषयावर बोलणं झालं. माझं मत, पगाराचा आकडा शेवटी बघावा. आधी नोटीस: डीजीसीएच्या (हवाई वाहतूक नियामक) २०१७ च्या नियमाने कमांडरला, म्हणजे मुख्य पायलटला, एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहपायलटला, सहा महिने. मग नव्या जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता. खर्च कोणाचा, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, मालकाने विमानच विकलं तर त्या बाँडचं काय, हे लेखी घ्या. तिकडे एअरलाइनसारखा फौजफाटा नसतो. इंधन, परवानग्या, पार्किंग, केटरिंग, अगदी पाहुण्यांच्या बॅगासुद्धा बऱ्याचदा पायलटच बघतो.

खरी कसोटी मात्र आयएलएस (कमी दिसत असताना उतरायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा) नसलेल्या छोट्या धावपट्टीवर. धुरकट हवा, मागे मालक, त्याची सभा अकराला. तेव्हा 'उतरत नाही, दुसऱ्या विमानतळावर डायव्हर्ट करतोय' म्हणता येईल? मुलाखतीत थेट विचारा: याआधी पायलटने उड्डाण नाकारलं, तेव्हा पुढे काय झालं?