मेयोतली पायवारी

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या बॅलिनटबर ॲबीत, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठात, सकाळी मेणबत्ती लावली आणि लगेच नियम सांगितला: वाटेत कुरकुर करायची नाही. पाय मुरगळला, चिखलात बसकण मारली, तरी ‘थँक्स बी टू गॉड’ म्हणायचं. मला हसूच आलं. दिवेघाटात आमच्या दिंडीतल्या आजी फोड फुटला तरी ‘माउली’ म्हणायच्या, तेच की हे!

इथून आमच्या वारीचं ठिकाण, क्रो पॅट्रिक डोंगर, 35 किलोमीटर. 1216 सालचं हे ॲबी 1653 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने जाळलं. छप्पर गेलं, पण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, थांबली नाही. लोक पावसात गुडघे टेकत राहिले. आवारातच शॉन ना सागर्टचं थडगं दाखवतात. इंग्रजी राजवटीने कॅथलिक पाद्र्यांवर बंदी घातली होती, तेव्हा हा माणूस पाद्र्यांना पकडून देऊन बक्षीस कमवायचा. थडगं फोडून झाड वर आलंय, त्याला कधी फळ धरत नाही म्हणे. झाडाच्या खोडाला बाकी कुणी हात लावत नव्हतं. मी लावला. गार, शेवाळलेलं, दुसरं काही नाही.

पुढे दलदल, मेंढ्या, दगडी गडगे. गडगा ओलांडताना एका सत्तरीच्या बाईंनी मला हात दिला आणि त्यांच्या गावच्या ‘कॅरिग अन आफ्रिन’ची, म्हणजे मिस्सेच्या खडकाची गोष्ट सुरू झाली. शेतातला सपाट धोंडा हीच वेदी. टेकडीवर पोरं पहाऱ्याला. पाद्र्याचा चेहरा कापडाने झाकलेला, म्हणजे पकडलं तरी ‘कोण होता, पाहिलं नाही’ हे शपथेवर खरंच सांगता यावं. ही कापडाची युक्ती मला फार आवडली. खडकावर मारलेल्या पाद्र्याचं रक्त पाऊस धुऊ शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. अशा रक्ताच्या गोष्टी आयर्लंडमध्ये गावोगाव आहेत. कागदोपत्री पुरावा मात्र क्वचित. मी वाद घातला नाही.

कारण गोव्यातला आमचा देव, मंगेश. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भीतीने कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेला. तिथे छळणारे कॅथलिक, इथे लपणारे कॅथलिक. हे त्यांना सांगताना जरा अवघडलेच.

बाई गडग्यावर बसून बुटातला चिखल काडीने खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आणि तुमच्याकडे पहाऱ्याला कोण होतं?”

आमच्या घरी देवाची गोष्ट शंभरदा ऐकली होती. हे कुणी सांगितलंच नव्हतं.