जमली का आणि आवडली का

बिअरला मार्क द्यायचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये हमखास वाद होतो आणि तो दरवेळी एकाच मुद्द्यावर येऊन अडकतो. माझं म्हणणं असं की बिअर जमलीये का हा एक प्रश्न आणि ती मला आवडली का हा दुसरा, दोन्हीचा मिळून एकच मार्क दिला की घोळ झालाच म्हणून समजा. बिअरला मार्क द्यायचं अनटॅप्ड म्हणून अॅप आहे, तिथे जाऊन बघा, व्यवस्थित जमलेल्या स्टाउटला (भाजक्या बार्लीची काळी बिअर) लोक 5 पैकी 2 देऊन मोकळे होतात आणि खाली लिहितात "कडू आहे, कॉफीसारखी लागते". अरे बाबा, कॉफीसारखीच लागायला पाहिजे ती, त्यासाठीच तर बार्ली करपायच्या बेताला येईपर्यंत भाजलीये! तुला नाही आवडत तर नको पिऊस, पण बनवणाऱ्याला का नापास करतोस.

अमेरिकेत बीजेसीपी म्हणून एक संस्था आहे, 1985 पासून बिअरचे परीक्षक तयार करते. त्यांची मार्कांची शीट 50 ची असते. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते (म्हणजे जड, पातळ, चरचरीत वगैरे) याला 5 आणि एकूण कशी वाटली याला 10. दिसण्याला फक्त 3! इन्स्टावाल्यांनी हे छापून घरी लावावं. आणि वासाला 12 म्हणजे जवळपास पाव भाग, आपल्याकडे वास घेत बसतंय कोण, ग्लास आला की चिअर्स आणि अर्धा खाली. या लोकांनी प्रत्येक स्टाइल कशी असावी ते लिहून ठेवलंय आणि मार्क त्याच्याशी ताडून द्यायचे, म्हणजे परीक्षकाची आवड जरा बाजूला राहते. मी एवढं शास्त्रशुद्ध करत नाही, पण वहीत दोन रकाने आखलेत, एक "जमली", एक "आवडली", दोन्ही 10 पैकी. गंमत सगळी त्या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

मार्कांच्या आधी एक सांगतो. "भाऊ, एकदम चिल्ड आण" ही आपली जी सवय आहे ना, ती टेस्टिंगच्या दिवशी तरी सोडा. बर्फासारख्या गार बिअरला वासच येत नाही आणि जीभ पण बधिर होते, मग लागर (गार टाकीत हळूहळू मुरवलेली) काय आणि एल (जरा गरम ठेवून लवकर होणारी) काय, सगळं सारखंच. लागर गार ठीक आहे, गव्हाची बिअर त्याहून थोडी कमी गार आणि स्टाउट तर दहा-बारा डिग्रीला आली की उलगडते. मी स्टाउटचा ग्लास समोर ठेवून नुसता बसतो तेव्हा वेटरला वाटतं माशी पडलीये, दोनदा येऊन विचारून जातो. फ्रीझरमधला बर्फ चढलेला मग तर सरळ परत द्यायचा. आणि चखणा नंतर. मसाला पापडाचं तेल ओठाला लागलेलं असेल तर फेस क्षणात बसतो आणि तुम्ही उगाच ब्रूअरच्या, म्हणजे बनवणाऱ्याच्या, नावाने बोंब मारता. पाणी आणि साधे कुरमुरे, बास. क्रम म्हणाल तर सौम्य आधी, कडू आणि भाजकी शेवटी, एकदा आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू असते) प्यायलात की पुढचा अर्धा तास जीभ गेली. छोटे ग्लास सहा जरी असले तरी बेरीज दोन मगांची होते, तेव्हा गाडी घरी ठेवून रिक्षाने या, हे पण सांगून ठेवतो.

आता पुण्यात बसून हे सगळं करता येतं याचं श्रेय 2009 ला. राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकणारं ठिकाण) डूलॅलीवाल्यांनी तेव्हा पुण्यात काढली, ब्रूमास्टर जर्मन माणूस. त्याच्या आधी आपल्याला बिअरचे दोनच प्रकार माहीत, स्ट्राँग आणि माइल्ड. नंतर इंडिपेंडन्स आली, एफिनगट आली, ग्रेट स्टेट आली, आणि आता मुंढवा-कोरेगाव पार्क पट्ट्यात शनिवारी टेबल मिळायची मारामार.

जर्मन ब्रूमास्टर असला की हेफेवाइझन आलीच, त्यामुळे पुणेकराची पहिली क्राफ्ट बिअर बहुतेक वेळा हीच असते. निम्म्याहून जास्त गहू, गाळलेली नसते म्हणून गढूळ, आणि नाकाजवळ नेली की आधी केळं आणि मागून लवंग. नवीन माणूस हमखास विचारतो की यात केळं घातलंय का, तर नाही, केळं पण नाही आणि लवंग पण नाही, दोन्ही बिअर आंबवणाऱ्या यीस्टची करामत. गंमत अशी की फर्मेंटेशन (आंबवणं) जरा गरम ठेवलं की केळं वाढतं, गार ठेवलं की लवंग पुढे येते, म्हणजे एकाच रेसिपीच्या दोन बॅच वेगळ्या लागू शकतात. मी आधी न हलवता वास घेतो, मग ग्लास हलकासा फिरवतो म्हणजे तळाचं यीस्ट वर येतं, मग परत वास, आणि मग घोट. पिकलेल्या वेलची केळ्याचा वास आला पाहिजे, केळ्याच्या च्युइंगगमचा नको. लवंग अजिबात नसेल तर मी दोन मार्क कापतो. आणि फेस! हेफेचा फेस जाड, पांढरा आणि हट्टी पाहिजे, गव्हातल्या प्रथिनांमुळे तो टिकतो. दोन मिनिटांत मावळला तर ग्लास तेलकट तरी आहे किंवा आत काहीतरी बिनसलंय.

बेल्जियन विट म्हणजे तिची चुलत बहीण, पण इथे खरंच धणे आणि संत्र्याची साल घालतात. ही स्टाइल बेल्जियमच्या हुगार्डेन गावात पूर्ण बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसाने 1966 मध्ये परत सुरू केली. आज आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या क्राफ्ट बिअरमध्ये हिचाच सुळसुळाट आहे, उकाड्यात बरी पडते आणि कडू नसते. जमली 6, आवडली 6, पुढे चला.

हापूसची बिअर मात्र दरवर्षी मला फसवते, म्हणजे फसवते मला आणि बोलणी खातो ब्रूअर. एप्रिल-मे आला की पाट्या लागतात, आपण आमरसाच्या अपेक्षेने घोट घेतो आणि हाताला काहीच लागत नाही, थोडा वास, थोडी आंबट कोरडी चव. कारण साधं आहे, आंब्यातली साखर यीस्टने खाल्लेली असते. आंब्याची जी चव आपण चव म्हणतो त्यात साखरेचा वाटा केवढा आहे ते अशा वेळी कळतं. आणि इकडे आयपीएमध्ये सिट्रा नावाचे अमेरिकन हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातले की आंबा न घालता आंब्याचा, लिचीचा वास दरवळतो! माझा एक रत्नागिरीचा मित्र आहे, घरची कलमं आहेत त्याची, त्याला मी दोन्ही ग्लास न सांगता दिले आणि यातली आंब्याची कुठली म्हणून विचारलं, त्याने बेधडक आयपीएवर बोट ठेवलं. खरं कळल्यावर पुढचा तासभर तो माझ्याशी नीट बोलला नाही.

आयपीएचं नाव काढलं की कोणीतरी ती गोष्ट सांगतंच, की इंग्लंडहून भारतात येताना बिअर खराब व्हायची म्हणून भरपूर हॉप्स घालून ही नवीन बिअर शोधून काढली. ही गोष्ट जरा जास्तच गोड आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ होती, जहाजाच्या कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, म्हणून त्याचा धंदा जोरात चालला. जास्त हॉप्सने बिअर टिकते हे तिकडे आधीपासून माहीत होतंच. आणि मुंबई-कलकत्त्याला पेल एलबरोबर पोर्टर (स्टाउटच्याच घराण्यातली काळी बिअर) पण ढिगाने यायची, साहेब लोक पेल एल प्यायचे आणि साधे गोरे शिपाई पोर्टर. म्हणजे आपल्या या उन्हात ते शिपाई काळी बिअर ढोसत होते आणि आम्ही एसीत बसून म्हणतो की स्टाउट काय आपल्या हवेची नाही.

आयपीएला मार्क देताना मी कडवटपणा किती हे बघत नाही, कडवटपणा कसा जातो ते बघतो. गिळल्यावर जिभेच्या मागे स्वच्छ रेष उमटून विरली पाहिजे. घशात औषधासारखा चिकटून बसला तर नाही. वाईनवाले टेस्टिंगला थुंकतात, बिअरमध्ये ते करत नाहीत, शेवट गिळल्यावरच कळतो. आणि तारीख बघाच! हॉप्सचा वास काही महिन्यांत उडून जातो, उरतो नुसता कडूपणा आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. वाईन शॉपमध्ये काउंटरवर उन्हात मांडलेली हिरवी बाटली तर फुकट दिली तरी घेऊ नका, उजेडाने हॉप्समधले घटक फुटतात आणि एक भयाण वास तयार होतो. तपकिरी काच किंवा कॅन, आणि फ्रिजमधला.

स्टाउटबद्दल एकच गैरसमज खोडून काढतो, काळी म्हणजे स्ट्राँग नव्हे. गिनेस ड्राफ्टमध्ये 4.2 टक्के अल्कोहोल असतं, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली स्ट्राँग लागर तिच्या दीडपट तरी असतेच. रंग भाजक्या बार्लीचा, बाकी काही नाही.

लागरचा एक किस्सा सांगायलाच हवा. पुण्यातलंच एक ठिकाण, नाव नाही घेत. मेन्यूवर पिल्सनर (फिकट सोनेरी लागर) होती, मी खूश, कारण पिल्सनर ही खरी परीक्षा. 1842 ला पिल्झेन गावात योसेफ ग्रोलने पहिली बनवली, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), मऊ पाणी, साझ नावाचे हॉप्स, बस एवढंच. लपवायला काही नाही, ना केळं ना कॉफी ना कोकम. ग्लास आला, रंग मस्त, फेस मस्त, वास घेतला तर मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरचं बटर! वेटरला बोलावलं, तो शांतपणे म्हणाला, "सर, फ्लेवर आहे तो." फ्लेवर कसला डोंबलाचा, डायअॅसिटिल आहे ते. फर्मेंटेशन चालू असताना यीस्ट ते तयार करतं आणि शेवटी थोडे दिवस निवांत ठेवलं तर स्वतःच परत खाऊन टाकतं. ते दिवस दिले नाहीत की बटर तसंच राहतं. लागरला गार टाकीत कित्येक आठवडे लागतात, गव्हाची एल दोनेक आठवड्यांत तयार, आणि टाक्या मोजक्या, मग शनिवारच्या गर्दीसाठी कोणाची तरी घाई होतेच. म्हणूनच आपल्याकडे ब्रूपबमध्ये बोर्डावर गव्हाच्याच बिअर जास्त दिसतात. माझ्या वहीत त्या पिल्सनरला जमली 3. शेजारी बसलेल्या मित्राने मात्र ती मिटक्या मारत संपवली, दुसरी मागवली आणि 8 दिले. दे बाबा, आवडलीच्या रकान्यात दे, तिथे तुझं राज्य.

आता कोकम. ग्रेट स्टेटने मीठ घातलेली कोकम एल काढली तेव्हा नाकं मुरडणारे पण होते, पण यात काही आगाऊपणा नाही. जर्मनीत गोझा नावाची जुनी स्टाइल आहे, गोस्लार गावची, लाइपझिगला जाऊन नाव कमावलेली, तिच्यात मीठ, धणे आणि दह्यासारखा आंबटपणा असतोच. आपण कोकम सरबतात मीठ आणि जिरेपूड घालतो, म्हणजे गणित आधीच सुटलेलं आहे. मी आजवर वेगवेगळ्या ठिकाणच्या कोकमवाल्या चाखल्या त्यात बऱ्याच जणांचा तोल आगळावर जातो. आगळ जास्त झालं की बिअर गायब, आपण महागडं सरबत पितोय. मीठ जास्त झालं तर दुसऱ्या घोटालाच तहान लागते. नीट जमलेली असते तेव्हा क्रम असा येतो: आधी आंबट, मग एक क्षण गव्हाचा मऊपणा, मग मिठाची पुसटशी चव ओठांवर, आणि लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. रंग फिकट गुलाबी. सोबत तळलेली सुरमई. दोन्ही रकान्यांत 9, आणि माझ्या वहीत असं क्वचित होतं. हीच एक बिअर मी आईला चाखायला दिली होती, ती म्हणाली "बरी आहे, पण जिरं कुठंय?"

आणि दोन आकड्यांमधला सगळ्यात मोठा फरक कुठला विचाराल तर जर्मनीतल्या बाम्बेर्गची राउखबिअर. न्यूर्नबेर्गला राहणाऱ्या मावसभावाने तिथल्या श्लेंकेर्ला ब्रूअरीच्या बाटल्या आणल्या होत्या. तिकडे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात, म्हणून ही बिअर धुरकट. झाकण उघडलं आणि बायको आतल्या खोलीतून ओरडली, "बोंबील कोण भाजतंय?" चूक नव्हती तिची, अगदी तसाच वास. पण घोट घेतला तर आत काय नीटनेटकी बिअर! माल्टचा गोडवा, स्वच्छ शेवट, धूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, कुठे टोचत नाही, एक पण दोष काढता येईना. तिकडचे लोक म्हणतात म्हणे की पहिल्या ग्लासात कळत नाही, तिसऱ्यापासून आवडायला लागते. जमली 10, आवडली 3. दुसरी बाटली फ्रिजमध्ये तशीच आहे, मावसभाऊ म्हणतो अजून दोन पाठवू का.