जांभळी राहिलेली प्लेट

क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेली प्लेट पाण्याखाली धरली की जिवंत पेशींचा थर जांभळा राहतो आणि विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे पांढरी गोल भोकं दिसू लागतात. हेच प्लाक. ते मोजायचे, नमुना जितक्या पट पातळ केला (डायल्यूशन) तितक्याने गुणायचे, की नमुन्यात किती विषाणू होते ते कळतं. त्या दिवशी माकडाच्या व्हेरो पेशींच्या प्लेटमध्ये सुरेख प्लाक आले होते. ए५४९ या माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगापासून आलेल्या पेशींची प्लेट मात्र काठोकाठ जांभळी. विषाणू एकाच वायलमधला, डायल्यूशनही तेच.

मला वाटलं, या प्लेटमध्ये विषाणू घालायचाच राहिला. मॅडमना तसं सांगितलंही. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, "त्याच दिवशी इन्फेक्ट केलेल्या ए५४९च्या फ्लास्कमधला मीडियम ठेवलायस ना?" मीडियम म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात तो. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता.

आमचा विषाणू म्हणजे व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा एक म्युटंट. मूळ विषाणूचं एम प्रथिन पेशीच्या केंद्रकातून एमआरएनए, म्हणजे जनुकांचे निरोप, बाहेर पडू देत नाही. पेशीला विषाणूची चाहूल लागते, पण तिचा निरोप केंद्रकातच अडकतो. या प्रथिनातलं ५१वं अमिनो आम्ल बदललं की ही नाकेबंदी सुटते. मग पेशीतलं रिग-आय हे प्रथिन विषाणूचा आरएनए ओळखतं, मायटोकॉन्ड्रियावरच्या मॅव्हस् या प्रथिनामार्फत आयआरएफ३ हे तिसरं प्रथिन जागं होऊन केंद्रकात शिरतं आणि पेशी इंटरफेरॉन-बीटा हा धोक्याचा इशारा बाहेर सोडते. शेजारच्या पेशी तो ओळखतात आणि विषाणू पोचायच्या आत शेकडो जनुकं चालू करून तयार राहतात. हे सगळं मला पाठ होतं. तरी जांभळी प्लेट पाहून पहिला विचार आला तो स्वतःच्या चुकीचा, पेशींचा आलाच नाही.

मीडियममध्ये इंटरफेरॉन आहे का हे बघायचं तर आधी त्यातला विषाणू मारायला हवा. त्यासाठी जुनी, भरवशाची रीत आहे: हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २वर आणायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. विषाणू टिकत नाही, इंटरफेरॉन-बीटा टिकतो. फिनॉल रेड या आम्लता दाखवणाऱ्या रंगामुळे लाल असलेला मीडियम क्षणात पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत तो परत लालवर आणला. इथे घाई चालत नाही. एक थेंब जास्त पडला की रंग गडद गुलाबीकडे जातो आणि पेशींना तो मीडियम सोसत नाही.

मॅडम म्हणाल्या, "हा व्हेरोवर घाल." मी गोंधळले. व्हेरो पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवल्या. टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकंच त्यांच्यात गळालेली आहेत, म्हणून तर इतके विषाणू त्यांच्यात बिनबोभाट वाढतात. "व्हेरोला इंटरफेरॉन नाही" हे एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांच्यावर हा मीडियम घालून काय होणार?

तीन गट केले. एकात इन्फेक्ट न केलेल्या पेशींचा मीडियम, तसाच आम्लातून काढलेला. दुसऱ्यात इन्फेक्ट केलेल्यांचा. तिसऱ्यात तोच, पण आधी इंटरफेरॉन-बीटाविरुद्धच्या अँटिबॉडीबरोबर ठेवलेला. रात्रभर तो मीडियम पेशींवर, मग धुऊन सगळ्यांना सारखाच विषाणू, वर ओव्हरले, म्हणजे विषाणूला दूर पसरू न देणारा घट्टसर थर. दोन दिवस इनक्युबेटरकडे माझ्या चकरा चालू होत्या.

रंगवून प्लेट पाण्याखाली धरली. पहिल्या गटात प्लाक एकमेकांत मिसळून थराच्या चिंध्या झालेल्या. दुसऱ्या गटातल्या वेल (प्लेटमधले खळगे) जांभळ्या! नीट पाहिलं तेव्हा एका वेलमध्ये टाचणीच्या टोकाएवढे तीन प्लाक दिसले. अँटिबॉडीच्या गटात भोकं परतली होती. व्हेरोला हाक मारता येत नाही, पण दुसऱ्याने मारलेली ऐकू येते. इंटरफेरॉन ओळखणारा रिसेप्टर शाबूत आहे, आणि माणसाच्या पेशीचा इंटरफेरॉन माकडाच्या पेशीलाही कळतो. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर, उष्णतेने निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू वापरून हेच पाहिलं होतं. पटलाभोवतीच्या द्रवात काहीतरी उतरलं होतं आणि ते नव्या पटलाला वाचवत होतं. मी ते परीक्षेसाठी लिहिलं होतं. हातात धरलेलं मात्र पहिल्यांदाच.

मग आठवलं ते पहिल्या प्लेटचं. टाकून देण्याच्या पिशवीजवळ ती अजून तशीच पडली होती. मायक्रोस्कोपखाली ठेवून १०च्या ऑब्जेक्टिव्हने वेल कोपऱ्यापासून बघत गेले. विषाणू घातला होता. डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं जागोजागी होती, प्रत्येकात मोजक्याच पेशी गेलेल्या आणि भोवती ए५४९ पेशी एकमेकींना घट्ट चिकटून, जांभळ्या.