घुमट नाही, मिनार नाही, तरीही मशीद: तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या लाकडी इमारतींविषयी बोलताना मी केरळातल्या कोझिकोडच्या मिश्काल मशिदीचे छायाचित्र दाखवतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी एक प्रश्न येतोच: "याला घुमट नाही, मिनारही नाहीत, मग ही मशीद कशी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विजापूरची किंवा दिल्लीची जामा मशीद असते, त्यामुळे हा प्रश्न मला स्वाभाविक वाटतो, परंतु व्याख्यानाच्या शेवटी उरलेल्या दोन मिनिटांत त्याला न्याय देता येत नाही, म्हणून येथे लिहितो.

नमाजासाठी स्वच्छ जागा हवी, मक्केची दिशा कळायला हवी आणि हातपाय धुण्यासाठी पाणी हवे. मक्केकडच्या भिंतीत मिहराबाचा कोनाडा असतो, आणि मलबारात, म्हणजे कोझिकोडच्या आसपासच्या उत्तर केरळच्या किनारपट्टीत, ती भिंत पश्चिमेला येते. घुमट ही धर्माची अट नाही. दगड-विटांच्या मुलखात, लांब तुळया न वापरता रुंद दालन झाकण्याचा तो एक उत्तम उपाय आहे, इतकेच. मलबारात सह्याद्रीच्या उतारावरचे सागवान होते, घरबांधणीला जांभा होता, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस होता. अशा ठिकाणी जो सुतार मोठे छप्पर चढवू शकतो, तोच इमारतीचा खरा कर्ता ठरतो. कोकणात ज्यांचे बालपण कौलारू घरात गेले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मिश्काल मशीद चार मजल्यांची आहे. खाली जड बांधकाम आणि वर लाकूड अशी तिची मांडणी आहे, आणि प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा आखूड होत गेल्यामुळे छपरांच्या पाख्या एकावर एक उतरत आल्यासारख्या दिसतात. तळमजल्याच्या प्रार्थनागृहात सुमारे तीनशे माणसे बसू शकतात. या इमारतीला २४ कोरीव खांब आणि ४७ दरवाजे आहेत. दरवाज्यांचा हा आकडा ऐकला की लोकांना ती केवळ श्रीमंती वाटते. मला मात्र त्यात हवामानाची जाण दिसते. दमट उकाड्यात शेकडो माणसे एकत्र बसणार असतील, तर वारा चारही बाजूंनी यायला हवा. वरच्या मजल्यांच्या लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचे कामही तेच आहे: तापलेली हवा वर चढून फटींतून निघून जाते, आणि बाहेर झुकलेल्या वळचणीमुळे पाऊस मात्र आत येत नाही.

अशा बांधणीचा प्राण सांध्यांत असतो. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचे आणि लाकडाचीच खुंटी ठोकायची, ही रीत आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही होती. मलबारात हे काम आशारी, म्हणजे परंपरेने सुतारकाम करणारे लोक, करीत आले. देवळांची छपरे आणि मशिदींची छपरे यांची घडण म्हणूनच इतकी सारखी दिसते. हे साम्य पाहून "हे आधी देऊळ असेल का?" असाही प्रश्न मला विचारला गेला आहे. तो मला खेदाचा वाटतो, कारण त्यात त्या सुतारांचे श्रेय पुसले जाते. त्यांना एकच उत्तम छप्पर येत होते, आणि ते त्यांनी दोन्ही ठिकाणी सारख्याच मनोभावे चढवले.

मशिदीचे नाव ज्याच्यावरून पडले, तो नाखुदा मिश्काल हा चौदाव्या शतकातला जहाजमालक व्यापारी. इब्न बतूता या प्रवाशाने कालिकतच्या, म्हणजे कोझिकोडच्या, वर्णनात त्याच्या अफाट संपत्तीचा आणि हिंदुस्थान, चीन, येमेन, फारस यांच्याशी व्यापार करणाऱ्या त्याच्या जहाजांचा उल्लेख केला आहे. नाखुदा या फारसी शब्दाचेच रूप आपल्या किनाऱ्यावर नाखवा म्हणून आजही बोलले जाते. मशीद ज्या कुट्टिचिरा भागात आहे, त्याच्या नावातल्या चिरा शब्दाचा मल्याळममध्ये अर्थ तळे असा आहे, आणि मशिदीजवळचे ते मोठे तळे अजून आहे.

लाकडी इमारतीला आगीचे भय असते, आणि येथे ती आग बाहेरून आली. जानेवारी १५१० मध्ये पोर्तुगीजांनी कालिकतवर हल्ला केला आणि ही मशीद जाळली. त्या लढाईत कालिकतच्या सामूतिरी राजाच्या नायर योद्ध्यांनी पोर्तुगीज सेनानी कुतिन्यो याला ठार केले आणि त्याच्याबरोबरचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क जखमी होऊन परतला. गोव्याचा इतिहास वाचणाऱ्यांनी तारीख लक्षात घ्यावी: काही आठवड्यांतच हाच आल्बुकर्क गोव्यावर चालून आला.

पुढे १५३१ मध्ये पोर्तुगीजांनी कोझिकोडच्या दक्षिणेला, चालियार नदीच्या मुखाशी, चालियम येथे किल्ला बांधला. सामूतिरीच्या सैन्याने १५७१ मध्ये वेढा घालून तो घेतला आणि पाडला. त्या पाडलेल्या किल्ल्याचे दगड आणि लाकूड कोझिकोडला आणून त्यातले काही जळालेली मशीद पुन्हा उभी करण्यासाठी वापरण्यात आले. हिंदू राजाने जिंकलेल्या किल्ल्याचे सामान मुसलमान प्रजेच्या मशिदीला दिले, ही गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. पण सुतारकामाच्या दृष्टीनेही ती मला तितकीच मोलाची वाटते. तुळई एका इमारतीतून सोडवता येते, तासून घेता येते, नवे कुसू पाडून दुसरीकडे बसवता येते. मिश्काल मशिदीच्या उतरत्या छपराखाली एका शत्रूच्या किल्ल्याच्या तुळयांनी पुन्हा भार उचलला तो असा.