दूध आलं पावणेसहाला
वडोदऱ्यातल्या एका हॉस्पिटलात मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आमची चाचणी मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या दोन औषधांची. जुनं अल्टेप्लेज रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग एकदम शिरेत आणि उरलेलं तासभर पंपावर. टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५, एकाच इंजेक्शनात काम संपतं. कॅनडातल्या २०२२च्या अभ्यासात ते अल्टेप्लेजच्या तोडीस तोड ठरलं. मात्र दोन्हींना अट तीच, पक्षाघाताची लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत.

त्या दिवशी सव्वादहाला दांडिया बाजारातले एक काका आले. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटेना. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मुलाला आधी सांगितलं, "साडेचार तासांच्या आत असेल तरच इंजेक्शन देता येतं," आणि मग विचारलं, "कधी झालं?" मुलगा म्हणाला, "आठला." उत्तर हातात ठेवून प्रश्न विचारायची ही पद्धत मला मुळीच पटत नाही.

सीटीत रक्तस्राव नव्हता. प्रेशर १८५/११०च्या खाली होतं. संमतीपत्र घेऊन मी काकूंजवळ बसले आणि विचारलं, "सकाळी चहा घेतला का काकांनी?"

"कसला चहा गं! पहाटे दूध आलं तेव्हाच पिशवी ह्यांच्या हातून गळली. हात वर होईना, पाय फरफटत होता. म्हटलं मुंग्या आल्या असतील, पडा जरा."

"दूध किती वाजता येतं?"

"पावणेसहाला. रोज."

मुलाने मान खाली घातली. तेव्हा पावणेअकरा झाले होते. कधी झालं तेच माहीत नसलेल्या रुग्णांत २०१८पासून एमआरआयचा आधार घेतात: त्याच्या दोन प्रकारच्या चित्रांपैकी डिफ्यूजनवर डाग आहे, फ्लेअरवर अजून नाही, तर औषधाचा विचार होतो. डॉक्टरांनी तोही करून पाहिला. काकांचा डाग दोन्हींवर स्पष्ट होता. मोठी वाहिनी बंद नव्हती, म्हणून तार घालून गुठळी काढायचाही प्रश्न नव्हता. इंजेक्शन दिलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला. "ताई, आई बोलली नसती तर?" मी सांगितलं, उशीर होईल तसा फायदा घटतो, मेंदूत रक्तस्रावाची भीती मात्र राहतेच. अमेरिकेतल्या १९९५च्या अभ्यासात तीन तासांच्या आत देऊनही शंभरात साधारण सहा जणांना तो झाला होता. त्याने ऐकून घेतलं. "पण बाबांचा हात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांसाठी तो खोटं बोलला, त्याला मी दोष देणार नाही.

मला खातंय ते वेगळंच. काकू बोलल्या नसत्या तर आमच्या नोंदीत 'आठ' गेलं असतं. केसपेपरवरही आठच होतं, त्यामुळे दोन्ही ताडून बघणाऱ्या मॉनिटरला, म्हणजे चाचणीच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाला, संशय यायचं कारणच नव्हतं. अशी किती 'आठ' आणि 'नऊ' आधीच गेली असतील?

आता कॅज्युअल्टीत मी सगळ्यांना सांगून ठेवलंय: पेशंटला शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं, काय करताना पाहिलं, ते आधी विचारा. साडेचार तासांचं नंतर. सिस्टर ऐकतात. ते डॉक्टर अजून आधी तासच सांगतात.