तुम्ही विचारलेत म्हणून: तिरुप्पूरला जमले ते इचलकरंजीत का जमत नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातील यंत्रमागांच्या इचलकरंजी शहराजवळून वाहणाऱ्या पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तमिळनाडूतील तिरुप्पूरमध्ये रंगाईचे कारखाने सांडपाणी बाहेर न सोडता त्यातले पाणी आणि मीठ पुन्हा वापरतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मग आपल्या कारखानदारांना ते का जमू नये, तंत्रज्ञान महाग आहे की इच्छाच नाही, असे लोक विचारतात. माझे उत्तर असे की, या फरकाचे मूळ यंत्रांत नाही आणि माणसांच्या चांगुलपणातही नाही. पाणी फेकून देणे कोणाला किती महागात पडते आणि ती किंमत वसूल करणारी संस्था कोणती, यावर सगळे ठरते.

तिरुप्पूर हे होजिअरीच्या निर्यातीचे केंद्र आहे. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे पक्के रंग) चढवण्यासाठी भरपूर मीठ लागते. गडद छटांसाठी लिटरमागे 50 ग्रॅमहून अधिक. हे मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते, परंतु स्वतः कापडात राहत नाही, जवळजवळ सगळे सांडपाण्यात उतरते. साध्या शुद्धीकरणाने रंग आणि सेंद्रिय घाण कमी होते, मीठ मात्र तसेच राहते. ते नोय्यल नदीत गेले आणि खाली ओरत्तुपाळयम धरणात साठले. शेतीसाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी इतके खारावले की, ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले त्यांच्यावरच ते पाणी नको म्हणण्याची वेळ आली. अखेर नोय्यलच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची संघटना 2003 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली.

डिसेंबर 2006 मध्ये न्यायालयाने शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची, मुदत आखून दिली आणि तोपर्यंत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरवर दंड लावला: आधी 6 पैसे, मग 8, मग 10. हे आकडे क्षुल्लक वाटतात. म्हणून ते हजार लिटरच्या हिशेबात पाहावेत. 6 पैसे म्हणजे हजार लिटरला 60 रुपये. त्या काळात तिरुप्पूरच्या पाणीयोजनेतून उद्योगांना मिळणारे पाणी हजार लिटरला सुमारे 45 रुपये होते. म्हणजे विकत घेण्यापेक्षा फेकून देणे महाग झाले. तरीही पाण्यातून मीठ वेगळे काढण्याचा खर्च त्या दंडापेक्षाही जास्त होता, त्यामुळे केवळ दंडाने काम भागले नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लावून कारखानदारांचे अपील फेटाळले, आणि तरीही विसर्ग थांबत नाही असे दिसल्यावर 28 जानेवारी 2011 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सुमारे 700 रंगाई कारखाने आणि त्यांची सांडपाणी शुद्ध करणारी सामायिक प्रक्रिया केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला.

या बंदीनंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिरुप्पूरचा रंगाईवाला बहुतेक वेळा स्वतःचा माल रंगवत नाही. निर्यातदाराचे कापड किलोच्या दराने रंगवून देतो. हा मजुरीचा दर इतका ताणलेला असतो की एकट्या रंगाईवाल्याने पाणी शुद्ध करायचे ठरवले तर दुसऱ्याच दिवशी त्याचे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. सगळेच एकदम बंद पडल्यावर मात्र निर्यातदारालाही जास्त दर दिल्याशिवाय कापड रंगवून मिळेना. खर्चाचा एक भाग अशा रीतीने साखळीत वर सरकला. राज्य सरकारने सामायिक केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले, अरुळपुरम येथील केंद्रात खारे द्रावण वेगळे करून रंगाईत परत वापरण्याची पद्धत सिद्ध झाली आणि इतर केंद्रांनी ती उचलली. ही केंद्रे कारखानदारांच्याच सामायिक कंपन्यांची आहेत. कोणी किती पाणी पाठवायचे याचा वाटा ठरलेला असतो आणि आकारणी त्याच प्रमाणात होते. पाठवलेल्या प्रत्येक लिटरचे पैसे मोजावे लागू लागल्यावर कमी पाण्यात रंगवणारी सॉफ्ट फ्लो यंत्रे घेणे कारखानदाराच्या स्वतःच्याच फायद्याचे ठरले. आज तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळते.

हे चित्र निर्दोष नाही. शेवटचे खारे पाणी आटवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या बाष्पीभवनाला प्रचंड ऊर्जा लागते, शेवटी उरणाऱ्या मिश्र क्षारांचे काय करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि काही रंगाई नियम ढिले असलेल्या भागांत निघून गेली. एकाच खोऱ्यात कडक नियम लावले तर हे होणारच.

आता इचलकरंजी. नोय्यलमध्ये बारमाही प्रवाह नव्हता, त्यामुळे मीठ साचले आणि सर्वांना दिसले. शिवाय एवढे मीठ रंगाईशिवाय दुसरीकडून येणे शक्य नव्हते, त्यामुळे न्यायालयासमोर दोषी कोण याबद्दल संदिग्धता उरली नाही. पंचगंगेत कोल्हापूरचे आणि नदीकाठच्या गावांचे सांडपाणी येते, साखर कारखान्यांचे येते आणि इचलकरंजीच्या सायझिंग (सुताला खळ लावणारे कारखाने) व प्रोसेसचेही (कापड धुऊन रंगवणारे कारखाने) येते. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि पावसाळ्यात महापूर सगळा पुरावा धुऊन नेतो. नदीच्या खालच्या अंगाच्या शिरोळ तालुक्यातला शेतकरी या पाण्याने सर्वाधिक पोळतो, पण तोच अनेकदा साखर कारखान्याचा सभासदही असतो. नोय्यलच्या शेतकऱ्याला जितके सरळ उभे राहता आले, तितके याला राहता येत नाही.

पैशाची बाजूही वेगळी आहे. इचलकरंजीचा बराच माल देशातल्या बाजारात कमी नफ्यावर विकला जातो. दर वाढवून देईल असा निर्यातदार इथे फारसा नाही. सरकारची मोठी सवलत यंत्रमागाच्या विजेला मिळते, आणि ती मागावर किती वीज लागली हे पाहते, किती पाणी परत वापरले हे पाहत नाही. यंत्रे बसवायला भांडवली अनुदान मिळाले तरी ती रोज चालवण्याचा खर्च त्यातून भागत नाही, आणि माझ्या मते शुद्धीकरणाचे प्रकल्प अडतात ते इथेच.

म्हणून कारखानदारांना नुसते दोष देणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि ‘आम्हाला परवडत नाही’ या उत्तरावर विषय संपवणाऱ्यांशीही नाही. प्रत्येक प्रोसेसला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे मीटर हवे, विजेच्या सवलतीचा काही भाग परत वापरलेल्या पाण्याशी जोडायला हवा, आणि हाच नियम नगरपालिका, साखर कारखाने व शेजारच्या जिल्ह्यांनाही त्याच दिवशी लागू व्हायला हवा. इचलकरंजीला दूधगंगेचे पाणी देऊ पाहणाऱ्या सुळकूड योजनेला विरोध करणारे दूधगंगाकाठचे लोक विचारतात की, दाराशी पंचगंगा असताना आमच्या नदीचे पाणी कशाला. ज्या शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्या शहराने या प्रश्नाला केवळ राजकारण म्हणून झटकू नये. सुळकूडसाठी निघतात तसेच मोर्चे पाण्याच्या मीटरसाठीही निघावेत, असे मला मनापासून वाटते.